विश्लेषण : डिझाइनमध्ये पीएचडी नेमकी कशाची करतात? उत्तर तुमच्या फोनच्या मराठी कीबोर्डमध्ये

हा लेख बहुधा तुम्ही फोनवर वाचत आहात. मग पुढे जाण्याआधी एक काम करा. याच फोनवर ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द टाइप करून बघा. जमला? की ‘दर्याखोर्या’ असे काहीतरी उमटले आणि शेवटी ‘दरीखोरी’ लिहून तुम्ही मोकळे झालात? ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. समुद्र आणि डोंगर यांच्यात फरक करणारा तो आडवा अर्धा ‘र’ कीबोर्डवर कुठे दडला आहे, हे अनेकांना वर्षानुवर्षे मराठी टाइप करूनही सापडलेले नसते. घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मी मराठी रोमन लिपीत चालते, त्याचे एक कारण इथे आहे.

दोष तुमच्या मराठीचा नाही. फोन बिघडलेला आहे असेही नाही. कोणते अक्षर कोणत्या बटणावर असावे, काय एका टिचकीत मिळावे आणि कशासाठी बटण दाबून धरावे लागावे, हे कुणीतरी ठरवलेले असते. प्रश्न असा की ते कशाच्या आधारे ठरवले? सवयीने, अंदाजाने, की कुणी खरोखर माणसांना बसवून मोजमाप केले? हे मोजमाप करणे, त्यासाठी पद्धत तयार करणे आणि हाती आलेले ज्ञान इतरांना वापरता येईल असे मांडणे, हे एका विद्याशाखेचे काम आहे. तिला डिझाइन संशोधन म्हणतात. तिच्यात पीएचडी मिळते, परिषदा होतात, नियतकालिके निघतात. तरीही ‘मी डिझाइनमध्ये पीएचडी करतोय’ असे सांगितले की बहुतेक घरांत पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे कपडे की इंटिरियर?’

डिझाइन म्हणजे सजावट, मग संशोधन कशाचे?

या प्रश्नाचे सगळ्यात सोपे उत्तर एका लोट्यात आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दाम्पत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ नावाचा छोटेखानी अहवाल दिला. देशात त्यांनी पाहिलेल्या असंख्य वस्तूंपैकी त्यांना सर्वांत भावला तो आपला साधा पाण्याचा लोटा. पण ते कौतुकावर थांबले नाहीत. आज लोटा नव्याने डिझाइन करायचा तर कोणते प्रश्न विचारावे लागतील, याची त्यांनी यादीच केली. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठे जातो आणि रिकामा असताना कुठे, तोंड किती रुंद हवे, धार कशी पडते, आतून घासता येतो का, हाताला कसा लागतो, किंमत काय, मोडीत काय भाव येईल, अशा धाटणीचे प्रश्न आहेत. आणि हा लोटा कुणा एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांनी तो घडत गेला, हेही त्यांनी नोंदवले.

डिझाइन संशोधनाचे मूळ इथेच आहे. लोट्याला पिढ्या मिळाल्या. फोनच्या कीबोर्डला एवढा वेळ मिळत नाही. मग जे ज्ञान लोट्यात शेकडो वर्षांत हळूहळू मुरले, ते दोन-चार वर्षांत कसे मिळवायचे?

या अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झाले. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जे. जे.मधून शिकून ते जर्मनीतल्या उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन शाळेत गेले होते. पुढे आयआयटी गुवाहाटीतला डिझाइन विभागही त्यांनीच उभा केला. कीबोर्डाच्या कथेत आयडीसी पुन्हा येणार आहे.

एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा

जगात या विषयाची सुरुवात साधारण १९६२ पासून धरतात. त्या वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ‘डिझाइनच्या पद्धती’ या विषयावर परिषद झाली आणि १९६६ मध्ये डिझाइन रिसर्च सोसायटी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाने विज्ञानाची ताकद दाखवली होती, संगणक नुकतेच आले होते. डिझाइनसुद्धा प्रतिभेच्या भरवशावर न सोडता गणितासारखे पायरीपायरीने करता येईल, असे त्या पिढीला मनापासून वाटत होते.

त्यातला सगळ्यात धाडसी प्रयोग एका भारतीय खेड्यावर झाला, हे आपल्याकडे फारसे माहीत नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा तरुण वास्तुरचनाकार आणि गणितज्ञ गुजरातमधल्या बावरा या गावात जाऊन राहिला. सहाशे लोकवस्तीचे शेतीवरचे गाव. बदलत्या ग्रामीण भारतात हे गाव नव्याने रचायचे झाले तर त्याला काय काय लागेल, याची त्याने यादी केली. ती १४१ गरजांची झाली. त्यात गुरेढोरे, विहिरी, बांध, मृतांची विल्हेवाट, घराचे दार दक्षिणेला नसण्याची रीत, असे सगळे होते. मग कोणती गरज कोणत्या गरजेशी जोडलेली आहे हे मांडून त्याने त्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटासाठी गावाच्या रचनेचा एकेक आराखडा काढला. १९६४ मध्ये ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या पुस्तकात हे उदाहरण छापून आले आणि पुढच्या अनेक वर्षांची चर्चा त्यावर झाली.

ती यादी आज वाचताना मात्र एक गोष्ट खटकते. पहिल्याच क्रमांकावर दलितांना अस्पृश्य मानले जाते, ही नोंद आहे. गावात जे पाळले जाते आणि लोक जे बोलून दाखवतात, तेही अलेक्झांडरने गरजांमध्ये धरले होते. सरकारी धोरणातून आलेल्या आणि कुणी न सांगितलेल्या गरजाही त्याच यादीत आहेत. पण अस्पृश्यता ही गरज कुणाची? विहीर कुठे असावी हे गावातल्या एका वस्तीला विचारले तर एक उत्तर येईल, दुसऱ्या वस्तीला विचारले तर वेगळे. गट पाडायची पद्धत कितीही काटेकोर असली तरी यादी कुणाच्या तोंडून लिहून घेतली, यावर आराखडा ठरतो. ‘वापरणाऱ्यांना काय हवे’ हे शोधणाऱ्या प्रत्येक संशोधकापुढे हा पेच आजही तसाच आहे.

पुढे १९७१ मध्ये त्याच पुस्तकाच्या नव्या प्रस्तावनेत अलेक्झांडरने स्वतःच या सगळ्यातून अंग काढून घेतले. डिझाइन करण्यापासून तोडून डिझाइनच्या पद्धतींचा वेगळा अभ्यास करणे त्याला निरर्थक वाटू लागले होते. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी काही प्रश्न मुळातच ‘चिवट’ असतात, असे मांडले. बुद्धिबळाच्या कोड्याला एक उत्तर असते. लोकलच्या गर्दीला तसे नसते. डबे वाढवले की फलाटाचा प्रश्न, फलाट लांबवला की पुलाचा. तिथे ‘बरोबर’ उत्तर नसते, ‘आधीपेक्षा बरे’ किंवा ‘आधीपेक्षा वाईट’ एवढेच असते. मग अशा क्षेत्रातले ज्ञान कसे असते? विज्ञानासारखे नाही आणि कलेसारखेही नाही, डिझायनरांची जाणण्याची स्वतःची एक रीत असते, अशी भूमिका १९८२ मध्ये नायजेल क्रॉस यांनी घेतली. त्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

कीबोर्डवर संशोधन करण्यासारखे असते काय?

आता फोनकडे परत येऊ. इंग्रजीत २६ अक्षरे, २६ बटणे, काम संपले. मराठीत ३४ व्यंजने आणि बारा स्वरचिन्हांची बाराखडी एवढेच धरले तरी चारशेच्या वर अक्षरे होतात. जोडाक्षरे त्याहून वेगळी. ती सगळी अंगठ्याएवढ्या जागेत बसवायची आहेत.

संगणकासाठी याचे एक उत्तर १९८०च्या दशकात निघाले. सरकारी पातळीवर ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी प्रमाण ठरली. तिच्यात मोठी हुशारी आहे. मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मराठी शब्दात व्यंजन आणि स्वरचिन्ह सतत आलटूनपालटून येतात, त्यामुळे दोन्ही हात ठेक्यात चालतात. ‘क’वर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’. एका भारतीय लिपीत शिकलात की दुसऱ्या लिपीतही तीच बोटे चालतात. पण ही सगळी हुशारी दहा बोटांसाठी होती. फोनवर एक अंगठा असतो, फार तर दोन. डावे-उजवे करण्याचा फायदा तिथे संपतो आणि उरते ती न समजणारी मांडणी. एका जागी उत्तम ठरलेले डिझाइन दुसऱ्या जागी तसेच उचलून ठेवले की काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आयडीसीमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक मांडणी आधीच पाठ असते, ती म्हणजे क-ख-ग-घ आणि बाराखडी. मग कीबोर्ड त्याच मांडणीवर का नसावा? २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी आलेल्या ‘स्वरचक्र’ या मोफत कीबोर्डमध्ये व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने आहेत. ‘क’वर बोट टेकवले की त्याच्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते. बोट हव्या त्या दिशेला सरकवून उचलायचे. अक्षर उमटण्याआधीच डोळ्यांना दिसते, त्यामुळे कोणती मात्रा कुठे हे पाठ करावे लागत नाही. जोडाक्षरासाठी चक्रातून पाय मोडला की पुढचे व्यंजन कसे जोडले जाईल तेही दिसते.

इथपर्यंत हे केवळ चांगले डिझाइन झाले. संशोधन सुरू होते ते ‘हे खरेच बरे आहे का?’ हा प्रश्न विचारल्यावर. आणि तो विचारणे वाटते तेवढे सोपे नाही. पहिल्याच दिवशी चार मित्रांच्या हातात कीबोर्ड दिला आणि ‘मस्त आहे’ असे ऐकले, तर त्यातून काय कळले? काहीच नाही. नवा कीबोर्ड पहिल्या दिवशी सगळ्यांनाच हळू वाटतो, जुना सवयीमुळे वेगवान वाटतो. म्हणून अशा अभ्यासात माणसांचे गट करतात, प्रत्येक गटाला एकच कीबोर्ड देतात, ठरावीक वाक्ये अनेक दिवस, पुन्हा पुन्हा टाइप करायला लावतात. प्रत्येक वेळी वेग आणि चुका मोजतात. मग एक आलेख मिळतो. पहिल्या तासाला कोण पुढे होते आणि सवय झाल्यावर कोण पुढे गेले, हे त्यात दिसते. दोन्ही उत्तरे महत्त्वाची असतात, कारण पहिल्या तासातच कंटाळून रोमन लिपीकडे वळलेला माणूस पंधराव्या दिवसापर्यंत पोहोचतच नाही.

याच गटाने २०१६ मध्ये मांडलेल्या एका शोधनिबंधाचा प्रश्न मला फार आवडतो : मराठी टाइप करताना पुढचा शब्द सुचवण्याचा खरेच उपयोग होतो का? आपण सगळे धरूनच चालतो की होतो. पण जरा विचार करा. फोनने तीन शब्द सुचवले की ते वाचावे लागतात, त्यांत आपला आहे का हे ठरवावे लागते, आणि नसेल तर नजर पुन्हा बटणांकडे आणावी लागते. त्या वेळात दोन अक्षरे टाइप झाली असती. शिवाय मराठीत ‘घर’ हा शब्द घरात, घराला, घरापासून, घरातल्यांना, घराघरांतून अशा कितीतरी रूपांत येतो. इंग्रजीसाठी तयार झालेली सुचवण्याची युक्ती इथे तशीच चालेल हे गृहीत कसे धरायचे? जे सगळ्यांना उघड वाटते ते मोजून बघणे, हेच या संशोधनाचे खरे काम आहे.

अक्षराच्या अवयवांना नावे हवीत कशाला?

कीबोर्डने अक्षर मागितले की ते पडद्यावर काढून दाखवण्याचे काम फॉन्टचे. इथला संशोधनाचा इतिहास कीबोर्डपेक्षा जुना आणि बराचसा महाराष्ट्रातला आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या टाइपांची ख्याती मोठी होती. पण ते ज्ञान कोरणाऱ्याच्या हातात होते, शब्दांत नव्हते. शासकीय मुद्रणालयाचे संचालक बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्रणाचा त्रिखंडी अभ्यास सिद्ध केला आणि १९७१ मध्ये राज्याच्या भाषा संचालनालयाने तो प्रकाशित केला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६१ मध्ये, एस. व्ही. भागवत यांनी मराठीत कोणते ध्वनी किती वेळा येतात याचा अभ्यास करून तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून प्रसिद्ध केला होता. हेतू जलद लिपी तयार करण्याचा होता. कीबोर्ड करणाऱ्या आजच्या माणसालाही हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

इंग्रजी अक्षरांच्या प्रत्येक भागाला, म्हणजे पायाला, टोकाला, पोटातल्या पोकळीला, छपाईच्या व्यवसायात ठरलेले शब्द आहेत. देवनागरीत शिरोरेषा, काना, वेलांटी, उकार हे शब्द आपण शाळेत शिकतो, पण ‘अ’च्या डाव्या वळणाला किंवा ‘क’च्या पोटाला काय म्हणायचे, यावर एकमत नव्हते. शब्द नसला की दोन माणसे एकाच गोष्टीविषयी वाद घालू शकत नाहीत, चूक दाखवू शकत नाहीत आणि शिकवूही शकत नाहीत. आयडीसीमधले प्रा. गिरीश दळवी यांचे डॉक्टरेटचे काम देवनागरी टाइपफेसच्या रचनेचे असे एक प्रारूप बांधण्याचेच होते. ‘एक टाइप’ या मुंबईतल्या गटाने केलेल्या ‘मुक्त’ आणि ‘मोदक’ या मोफत फॉन्टच्या कामातही ते आहेत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मराठी संकेतस्थळावर ‘मुक्त’ असण्याची शक्यता बरीच आहे.

हे सगळे फार शास्त्रीय वाटत असेल तर फोनवरचे एखादे छोटे बटण बघा, ज्यावर ‘सर्व्हिसिंग’ किंवा ‘वर्षीं’सारखा शब्द आहे. वरचा रफार किंवा अनुस्वार छाटला गेलेला दिसेल, निदान शेजारच्या ओळीला चिकटलेला तरी. इंग्रजी अक्षराची उंची धरून बटण आखले, मराठीला शिरोरेषेच्या वर एक मजला आणि खाली एक तळघर लागते हे कुणी धरलेच नाही.

आणखी एक गंमत. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या मराठी भाषा विभागाने वर्णमालेविषयी सुधारित शासन निर्णय काढला. मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त लिहावा, हिंदी वळणाचा नको, असे त्यात आहे. हे दोन्ही आकार मला इथे शेजारी शेजारी टाइप करून दाखवायचे होते. दाखवता येत नाहीत. कारण युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच क्रमांक आहे. त्याचा आकार कोणता दिसावा हे मी नाही, तुमचा फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असेल तर योग्य तो पुढे येतो. नोंदवलेली नसेल तर फॉन्टचा मूळ आकार येतो, आणि तो पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो. शासन निर्णय कागदावर निघाला, पण त्याची अंमलबजावणी फॉन्टच्या पोटात होते. तसाच तो ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’. युनिकोडमधला ‘ऱ’ मुळात द्रविड भाषांतला ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी आहे. त्याचा पाय मोडला की आपला आडवा ‘र’ मिळतो. कीबोर्डवर नुक्ता असलेला हा ‘र’ पाहून तो आपल्या कामाचा असेल असे मराठी माणसाला वाटणार तरी कसे?

मग प्रत्येक चांगले डिझाइन म्हणजे संशोधन का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह घ्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केले आणि डी. उदयकुमार हे नाव घरोघरी पोहोचले. ते तेव्हा आयडीसीमधले पीएचडीचे विद्यार्थी होते. पण त्यांची पीएचडी या चिन्हाची नव्हती, तमिळ अक्षरे काळाच्या ओघात कशी बदलत गेली याची होती. चिन्ह हे डिझाइन. अक्षरे का आणि कशी बदलली, याचा इतरांना तपासता येईल असा पुरावा मांडणे हे संशोधन. एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही होती.

मतदान यंत्राचे औद्योगिक डिझाइनही आयडीसीच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचे. चिन्हाशेजारी निळे बटण, दाबले की दिवा आणि आवाज. वाचता न येणाऱ्या मतदारालाही एकदाच, न चुकता दाबता येईल असे. त्यावर कुणी प्रबंध लिहिला नसता तरी ते तेवढेच मोलाचे असते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये यासाठी तीन खाने सुचवले होते. डिझाइनविषयीचे संशोधन, डिझाइनसाठीचे संशोधन आणि डिझाइन करता करता होणारे संशोधन. बापूराव नाईकांचे त्रिखंडी काम पहिल्या खान्यात बसते, ध्वनींची मोजदाद दुसऱ्यात, स्वरचक्र करून त्याची चाचणी घेणे तिसऱ्यात. तिसऱ्या खान्यावर सगळी भांडणे होतात, कारण तिथे वस्तू हाच ज्ञानाचा भाग असल्याचा दावा असतो.

या भांडणात मी स्वतः एकदा सापडलो होतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आमच्या चौघांचा प्रकल्प पाठीवरच्या फवारणी पंपाच्या पट्ट्यांचा होता. सोळा लिटरचा भरलेला पंप खांद्याला कापतो, म्हणून आम्ही पट्टे रुंद केले आणि थोडे वजन कमरेवर आणले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिला प्रश्न होता, ‘यात कॅल्क्युलेशन कुठे आहे?’ तेव्हा फार राग आला. आज वाटते की प्रश्न चुकीचा असला तरी संशय बरोबर होता. आम्ही चार शेतकऱ्यांना पंप दिला, त्यांनी ‘बरा आहे’ म्हटले आणि आम्ही ते अहवालात लिहिले. पाहुण्या पोरांना कुणी ‘वाईट आहे’ म्हणेल का? किती वेळ फवारणी केल्यावर खांदा दुखतो, जुन्या पट्ट्याने किती, नव्याने किती, काहीही मोजले नव्हते.

या कमतरतेवर एक पद्धत बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. अमरेश चक्रवर्ती आणि ल्यूसिएन ब्लेसिंग यांनी २००९ च्या पुस्तकात मांडली. जगभर पीएचडीचे विद्यार्थी ती वापरतात. आधी ठरवायचे की काय बदलले म्हणजे यश मानू. मग आज प्रत्यक्षात काय चालते ते अभ्यासायचे. मग उपाय तयार करायचा. मग ठरवलेला बदल झाला का ते पुन्हा तपासायचे. आम्ही फक्त तिसरी पायरी केली होती. चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने बंगळूरूत डिझाइन संशोधनावर आंतरराष्ट्रीय परिषदही सुरू झाली. एनआयडीला मात्र पदवी देण्याचा अधिकार २०१४ च्या कायद्याने मिळाला, म्हणजे स्थापनेनंतर अर्धशतक उलटल्यावर. तोवर तिथे काम होत होते, डॉक्टरेट नव्हती. आयआयटींमध्ये डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘सीड’ ही परीक्षा असते, अनेक ठिकाणी पीएचडीसाठीही तिचा स्कोअर चालतो.

सामान्य मराठी वाचकाचा यात काय संबंध?

आपण रोज किती वेळा चुकीचे अक्षर दाबून मागे येतो, कोणता शब्द अर्धवट सोडून रोमनकडे वळतो, याची सर्वांत मोठी माहिती आज फोन आणि कीबोर्ड बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे जमू शकते. त्यावर त्या निर्णय घेतात, पण का घेतला हे आपल्याला सांगायला बांधील नसतात. एखाद्या अपडेटनंतर ‘ळ’ जागा बदलतो, आपण दोन दिवस चरफडतो आणि सवय करून घेतो. विद्यापीठातल्या संशोधनाचा वेग कमी असतो, माणसे मोजकी असतात. पण किती जणांवर, कोणत्या वाक्यांवर, काय मोजले हे तिथे छापलेले असते, कुणालाही चूक काढता येते.

त्याच्या दोन दुखण्यांकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. मराठी कीबोर्डवरचे जवळपास सगळे शोधनिबंध इंग्रजीत आहेत. ज्यांच्या अंगठ्यांवर अभ्यास झाला त्यांना तो वाचायचा तर भाषांतर करून घ्यावे लागेल. दुसरे असे की संशोधनाचा निधी संपतो, विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागतात, आणि फोनची प्रणाली तर दरवर्षी बदलते. शोधनिबंध टिकतो, ॲप सांभाळायला कुणी उरत नाही. चांगली कल्पना सिद्ध होऊनही हातात मात्र येत नाही, असे घडते ते यामुळे.

तोवर पुष्कळांनी टाइप करणेच सोडून माइकचे बटण दाबायला सुरुवात केली आहे. आजी-आजोबांसाठी ती मोठीच सोय झाली. पण अडचण तिथेही पाठ सोडत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्या उच्चारात फरक आहे तो फक्त आघाताचा. पहिल्या शब्दात ‘द’वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचेही तसेच. फोनच्या माइकमध्ये ही दोन वाक्ये एकामागून एक बोलून बघा : आचार्यांना जेवायला बोलवा. आचाऱ्यांना जेवण करायला बोलवा.